सासूबाईंची शिकवणी

छोटू गेला तेव्हा त्याच्या लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती. छोटू हे घरातलं नाव. माणूस इतका उंच, की दारातून वाकून आत यायचा. इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. एका सकाळी दाढी करता करता ‘डोकं फार दुखतंय’ म्हणून तो बाथरूमच्या उंबऱ्यावर बसला, गालावर फेस तसाच, आणि उठलाच नाही. मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. घरात दोघी उरल्या, त्याची आई आणि त्याची बायको.

आईला सगळी इमारत टायपिस्टबाई म्हणायची. मालवाहतुकीच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात टायपिंग करण्यात घालवली होती. नवरा ऐन तारुण्यात गेला. छोटूला त्यांनी त्या दहा बोटांवर वाढवलं. एक अक्षर चुकलं की कार्बनसकट सगळे कागद फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, अशा काळातल्या त्या टायपिस्ट. त्यामुळे त्यांच्या हातून चूक होत नसे, आणि दुसऱ्याची चूक त्यांना सहन होत नसे. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्या आत जाऊन दुकानदाराला सांगून यायच्या.

सून पियानो शिकवायची. लग्न होऊन आली ती कपड्यांच्या दोन बॅगा आणि एक पियानो घेऊन. तो अवजड पियानो छोटूच्या मित्रांनी पट्टे बांधून जिन्यावरून वर चढवला होता. लिफ्टवाल्याच्या इमारतीलाच लिफ्ट नाही, यावर त्या दिवशी सगळे घामाघूम होऊन हसले होते. पुढच्या खोलीत पियानो बसला आणि दुपारनंतर तिथे मुलांच्या शिकवण्या सुरू झाल्या.

छोटू गेल्यावर काही दिवस शिकवण्या बंद होत्या. मग त्या सुरू झाल्या, पण घर सुरू झालं नाही. दोघी एकमेकींशी जपून बोलायच्या. सुनेच्या भावाचा फोन यायचा. “इकडे ये. तिथे आता कोण आहे तुझं?” असं तो विचारायचा, आणि त्याचा आवाज एवढा खणखणीत, की पलीकडच्या खोलीतही ऐकू यायचा. टायपिस्टबाईंची थोरली बहीण, तिला सगळे ताई म्हणत, ती भेटायला आली तेव्हा तिनं तर सरळच विषय काढला.

“परक्याची लेक ती. तू तिला अडवणार कशाच्या जोरावर? नातवंड असतं तर गोष्ट वेगळी होती.”

“मी कुठे अडवतेय?” टायपिस्टबाई म्हणाल्या.

“अडवू नकोस, एवढंच म्हणतेय मी. आज ना उद्या ती जायचीच.”

त्यानंतर आठवड्याभरातच एका दुपारी टायपिस्टबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तर सून जमिनीवर बसून नोटेशनची पुस्तकं एका खोक्यात भरत होती. म्हणजे ही निघाली, असं त्यांना वाटलं.

“आई, बसा ना जरा,” सून म्हणाली. “मी विचार करत होते...”

“मला ती शिकव,” टायपिस्टबाई एकदम म्हणाल्या.

“काय?”

“पियानो. ती धून शिकव मला.”

“कुठली धून?”

टायपिस्टबाईंना तरी कुठे ठाऊक होतं? हातातला चहा सांडू न देता त्या म्हणाल्या, “ती गं, गाडी मागे घेताना वाजते ती. फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणतात, तेव्हाही वाजते बघ.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. छोटू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं होतं.

“आई, ती दोनशे वर्षांपूर्वीची रचना आहे. जगातले मोठमोठे वादक वाजवतात ती.”

“वाजवू देत. मला शिकवशील की नाही?”

“थोडीशी शिकवते. सुरुवातीचा भाग सोपा आहे.”

“थोडीशी नको. सगळी शिकव. अर्धवट काम मला जमत नाही.”

सुनेनं खोक्याकडे पाहिलं, मग सासूकडे. “वेळ लागेल,” ती म्हणाली.

“लागू दे की,” टायपिस्टबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर, मुलं यायच्या आधी, सासूबाईंची शिकवणी सुरू झाली. साठी उलटलेली विद्यार्थिनी आणि तिशीची शिक्षिका. पहिल्याच दिवशी टायपिस्टबाईंनी पट्ट्यांवर असा काही हात मारला, की पियानोवरची फुलदाणी हलली.

“आई, टाइप करू नका. पट्टी दाबा आणि थांबा. सूर संपेपर्यंत बोट तिथेच राहू द्या.”

“टाइप केलेलं अक्षर कुठे पळून जात नाही,” टायपिस्टबाई कुरकुरल्या. “हे तर हात उचलला की गेलं.”

“म्हणून तर हात उचलायचा नाही.”

सुरुवातीला खरंच जड गेलं. त्या रचनेचा आरंभ म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्या, एक पांढरी, एक काळी, आळीपाळीनं हलवायच्या, जणू कुणी काही सांगावं की सांगू नये अशा विचारात आहे. तेवढं जमलं. पण डावा हात खालून सूर वर आणतो आणि उजवा तो पुढे नेतो, तिथे दोन्ही हात एकमेकांची वाट बघत बसायचे. “पालथ्या घड्यावर पाणी आहे बाई,” असं त्या स्वतःच म्हणायच्या. सून मात्र चिडायची नाही. ती त्यांचं मनगट अलगद धरून वर उचलायची. कितीतरी दिवसांत टायपिस्टबाईंच्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता.

आणि मग ते येऊ लागलं. बोटं तयार होतीच. त्यांना फक्त नवी सवय हवी होती. एका दुपारी पहिला भाग त्यांनी न अडखळता वाजवला. सुनेनं टाळ्या वाजवल्या.

“आई, कमाल केलीत! या वेगानं उन्हाळ्यापर्यंत सगळी येईल तुम्हाला.”

टायपिस्टबाईंची छाती फुगली. पण त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला, आणि सून त्याला म्हणाली, “बघू रे. उन्हाळ्यानंतर ठरवू.”

टायपिस्टबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी पहिला भाग वाजवताना त्या चुकल्या. मुद्दाम चुकल्या. त्या रचनेत एक जागा अशी आहे, की एकच सूर खाली-वर उड्या मारतो आणि मग त्या शेजारच्या दोन पट्ट्या पुन्हा आळीपाळीनं हलू लागतात. किती वेळा हलवायच्या, याची मोजणी तिथे शिकाऊ माणसाकडून हटकून चुकते. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं, असं सुनेनंच त्यांना सांगितलं होतं. टायपिस्टबाईंनी तिथे त्या पट्ट्या एकदा जास्त हलवल्या आणि थांबल्या.

“चुकलं वाटतं.”

“चालेल आई. उद्या परत करू.”

असं चुकणं ऐकायला सोपं, पण टायपिस्टबाईंना ते भारी पडलं. आयुष्यात कधी जाणूनबुजून एक अक्षर चुकवलं नव्हतं त्यांनी. मुद्दाम चुकताना अंगावर काटा यायचा. चेहऱ्यावर तर आणखी खोटं आणावं लागायचं, ‘अगंबाई’ म्हणावं लागायचं. पण चूक झाली, की सून म्हणायची, “उद्या परत करू,” आणि त्या एका ‘उद्या’साठी टायपिस्टबाई वाटेल ते करायला तयार होत्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी सून एका शाळेत शिकवायला जायची. ती गेली, की टायपिस्टबाई दार लावून पियानोपाशी बसत आणि तीच रचना जशी वाजवायला हवी तशी वाजवत. नाहीतर त्यांना झोप लागली नसती. पुढचा भाग सुनेनं शिकवलाच नव्हता. तो त्यांनी नोटेशन वाचून बसवला. नजर कागदावर आणि बोटं आपापल्या जागी, याच कामात तर त्यांची हयात गेली होती. शेवटाकडे डावा हात एकच खालचा सूर ठोकत राहतो, दारावर कुणी सारखी थाप मारावी तसा. तो भाग वाजवताना त्यांना छोटू दिसायचा. त्याच्यासाठी त्या लोकांसमोर कधी रडल्या नव्हत्या. तिथे रडायच्या.

एका शुक्रवारी शाळेतला पाण्याचा पाइप फुटला आणि मुलांना लवकर घरी सोडलं. सून जिना चढत वर आली, तर आतून पियानो ऐकू येत होता. आधी तिला वाटलं, कुणी विद्यार्थी आला असेल. मग वाटलं, आईंनी रेडिओ लावला असेल. पण तिच्या पियानोची एक पट्टी किंचित जड होती. तो जड सूर तिनं ओळखला. ती पायरीवर बसली. पहिला भाग झाला, मोजणी अचूक. तिनं कधीच न शिकवलेला दुसरा भाग झाला. मग ती दारावरची थाप सुरू झाली आणि तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला. रचना संपली तशी ती पाय न वाजवता खाली उतरली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन पाव घेऊन आली, आणि पाय आपटत, मोठ्यानं खोकत पुन्हा वर चढली.

“आज लवकर कशी?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“पाइप फुटला शाळेत. तुम्ही काय करत होतात?”

“काय करणार? पडले होते जरा.”

दुसऱ्या दिवशी शिकवणीत टायपिस्टबाई त्याच जागी चुकल्या. सुनेनं त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, “चालेल आई. उद्या परत करू.”

पुस्तकांचं खोकं तिनं रिकामं करून माळ्यावर टाकलं. भावाला सांगितलं, की माझ्या शिकवण्या इथे आहेत, मी इथेच बरी आहे. असा एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. दोघी एकमेकींशी पुन्हा सैल बोलू लागल्या, भांडूही लागल्या. छोटूच्या घोरण्याची नक्कल सून करायची आणि टायपिस्टबाई हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या. रोज दुपारी एक जण चुकायची आणि दुसरी सुधारायची.

मग पियानोचे सूर लावायला एक नवा ट्यूनर आला. नेहमीचा म्हातारा ट्यूनर थकला होता, त्यानं आपल्या हाताखालच्या या माणसाला पाठवलं होतं. चाळिशीचा असेल, दोन तासांवरच्या गावात आईबरोबर राहायचा. मान कलती करून तो एकेक तार ऐकायचा आणि चहा पूर्ण गार झाल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. खालची फळी काढून पेडलपाशी हात घातल्यावर त्याला आत एक स्क्रू ड्रायव्हर सापडला. मुठीला काळी टेप गुंडाळलेली.

“हा कुणाचा?”

छोटूनं कधीतरी पेडल दुरुस्त केलं होतं, तेव्हा आतच विसरला होता. दोघी त्या टेपकडे बघत उभ्या राहिल्या. ट्यूनरनं दोघींचे चेहरे पाहिले, पुढे काही विचारलं नाही. स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसून त्यानं तो टायपिस्टबाईंच्या हातात दिला आणि पुन्हा तारांकडे वळला. त्या क्षणी टायपिस्टबाईंना तो माणूस आवडला, आणि आवडला म्हणून त्यांना त्याचा राग आला.

तो परत परत येऊ लागला. हवा दमट आहे, हवा कोरडी आहे, एक तार उतरलीय. पियानोचे सूर एवढ्या वेळा लावावे लागत नाहीत, हे आता टायपिस्टबाईंनाही कळत होतं. तो आला, की सून केस नीट करायची. तो गेला, की शिकवणीला येणाऱ्या मुलांवर ओरडायची नाही. टायपिस्टबाई बघून न बघितल्यासारखं करायच्या. रात्री अंथरुणावर पडल्या, की स्वतःवरच चरफडायच्या.

एका सकाळी त्या दूध घेऊन वर येत होत्या. मधल्या वळणावर त्यांना वरून दोघांचं बोलणं ऐकू आलं. ट्यूनर निघाला होता आणि सून त्याला दारापर्यंत सोडायला आली होती.

“माझ्या आईला सांगितलंय मी,” तो म्हणत होता. “तिची काही हरकत नाही. तू हो कधी म्हणतेस?”

“मी सांगितलं ना. आमच्या आईंचं अजून शिकून झालं नाही.”

“अजून किती दिवस लागतील त्यांना?”

सून हळूच म्हणाली, “त्यांना सगळं येतं. केव्हाच आलंय. शेवटचा भाग तर माझ्यापेक्षा चांगला वाजवतात.”

“मग?”

“मग काय? त्या चुकतात, मी सुधारते. चाललंय आमचं.”

“आणि असंच चालू राहणार?”

“त्यांना माझ्याशिवाय कोण आहे?”

टायपिस्टबाई भिंतीला टेकल्या. दुधाची पिशवी गार लागत होती, तरी त्यांनी ती छातीशी धरली. आपण हिला हुशारीनं बांधून ठेवलंय, असं त्यांना वाटत होतं. पोरीला गाठ केव्हाच दिसली होती, आणि तरी ती हात पुढे करून बसली होती. त्यांना लाज वाटली. आणि लाजेच्याही वर एवढी माया दाटून आली, की पाय उचलेना. ट्यूनर खाली उतरू लागला, तेव्हा त्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे काहीतरी मागायचं निमित्त करून आत शिरल्या.

त्या दुपारी त्या नेहमीसारख्या पियानोपाशी बसल्या. सून बाजूच्या खुर्चीवर, मुलांच्या वह्या मांडीवर घेऊन. टायपिस्टबाईंनी सुरुवात केली. ती उड्या मारणाऱ्या सुराची जागा आली, आणि सुनेनं सवयीनं “चालेल” म्हणायला तोंड उघडलं. पट्ट्या बरोबर तेवढ्याच वेळा हलल्या आणि सूर पुढे गेला.

सुनेनं मान वर केली. टायपिस्टबाई थांबल्या नाहीत. दुसरा भाग आला, गेला. ते ठोके सुरू झाले. त्यांची पाठ ताठ होती, कार्यालयात बसायच्या तशी. सगळं मागे फिरून पुन्हा पहिल्या जागी आलं, हळू झालं, आणि शेवटचा सूर विरेपर्यंत त्यांनी बोटं उचलली नाहीत.

“आज का वाजवलंत?” सुनेचा आवाज चिरका आला.

“झाली की शिकून.”

“मी विचारलं होतं तुम्हाला? मी म्हटलं होतं, पूर्ण करा म्हणून?” वह्या जमिनीवर पडल्या. “मला जायचंय, असं मी म्हटलं का कधी?”

“तू म्हणणार नाहीस. म्हणून तर वाजवलं.”

“म्हणजे घालवता मला?”

“घालवत नाही गं. छोटूची बायको म्हणून मी तुला धरून बसले. तो नाही, आणि तुला मात्र त्याच्या जागेवर बसवून ठेवलं.” टायपिस्टबाईंनी पियानोचं झाकण खाली केलं. “माणूस चांगला आहे. चहाचं तेवढं बघ. गार करून पितो, हे काही बरं नाही.”

सून हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. खुर्चीवरून उतरून तिनं टायपिस्टबाईंच्या मांडीत डोकं घातलं. खाली मुलांचा गलका ऐकू आला, शिकवणीची वेळ झाली होती. टायपिस्टबाईंनी उठून दार थोडंसं उघडलं आणि आज सुट्टी म्हणून सांगितलं.

लग्न कचेरीत सह्या करून झालं. मुलीच्या बाजूनं भावानं सही केली आणि दुसरी टायपिस्टबाईंनी. ताई म्हणाली, “तुझं काळीज दगडाचं आहे.” टायपिस्टबाई म्हणाल्या, “असेल.”

पियानो इथेच राहू दे, तुम्ही वाजवा, असं सून परत परत सांगत होती. टायपिस्टबाईंनी ऐकलं नाही. “पोटापाण्याची वस्तू आहे तुझी. तिथे काय टेबलावर शिकवणार मुलांना?” पट्टे बांधून माणसांनी तो जिन्यावरून उतरवला, एका बाजूनं ट्यूनर स्वतः खांदा लावून होता. टायपिस्टबाई वरून “डावीकडे, भिंत सांभाळा,” असं सांगत होत्या. टेम्पोत चढायच्या आधी सून पुन्हा वर आली. बोलली काहीच नाही. टायपिस्टबाईंचं मनगट धरून उभी राहिली. मग खालून हाक आली.

पहिले काही महिने ती रोज फोन करायची. मग रविवारी करू लागली. तिच्या शिकवण्या तिकडे जोरात सुरू झाल्या होत्या, ट्यूनरच्या आईचे गुडघे दुखायचे, घरात कामं होती. टायपिस्टबाई रविवारी सकाळपासून काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवायच्या.

“आई, जेवलात?” एका रविवारी सुनेनं विचारलं.

“जेवले. ऐक, तुला सांगायचं होतं...”

तिकडे मागून कुणीतरी हाक मारली. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“आले हं, आई!” सून तोंड वळवून म्हणाली. मग पुन्हा फोनवर, “हं आई, बोला.”

टायपिस्टबाईंना क्षणभर काही आठवेना.

“आई? काय सांगत होतात?”

“काही नाही गं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला.”

“बरं झालं. पुढच्या महिन्यात येतोच आम्ही.”

“या. आता जा, त्या बोलावतायत.”

फोन ठेवून त्या तिथेच बसल्या. नळ कधी गळलाच नव्हता. सकाळपासून जुळवलेलं आता एकेक आठवू लागलं. खालच्या बाईंच्या मुलीला नोकरी लागली. डोळ्यांचा नंबर वाढला. ताईशी पुन्हा वाजलं. आठवड्याभराचं होतं सगळं, आणि पुढचा रविवार यायला अजून अवकाश होता.